कपाळाला लावलेली माती

आबा,

तुम्हाला वाकून नमस्कार. धरणगावला कपाशीची वेचणी सुरू झाली का? आईचा गुडघा कसा आहे?

मी जपानात मजेत आहे. अणुभट्टीच्या अपघाताला एवढी वर्षं झाली, तरी इथली माती आम्ही अजून तपासतोय. हातमोजे, मास्क सगळं असतं, काळजी नको.

पण माती काय आहे, आबा! तुम्ही म्हणाला असता, सोनं शे सोनं. गाव ओस पडलंय, झाडं नारिंगी फळांनी लगडलीत आणि तोडायला कोणी नाही. विष दिसत नाही, त्याला वासही नाही. यंत्र जवळ नेलं की तेवढं टिकटिकतं. मी बघतच राहते.

काल, गाव सोडून गेलेले इथले एक शेतकरी, इशिई आजोबा, आम्हाला त्यांच्या शेतावर घेऊन गेले. मी गाडीतून उतरले आणि तुमच्यासारखीच सवयीने वाकून माती कपाळाला लावली! सोबतचे ओरडलेच. लगेच कपाळ पुसलं, यंत्र फिरवलं. आता काही नाही.

आजोबांनी विचारलं, हे काय केलंस? म्हटलं, आमच्याकडे शेतात पाय टाकण्याआधी काळ्या आईच्या पाया पडतात.

ते म्हणाले, “इतकी वर्षं सगळे हिला मोजायलाच येतात. पाया पडणारी तू पहिलीच.” आणि टोपी काढून आपल्याच शेतापुढे कमरेत वाकले.

वेचणीला शेतात उतराल तेव्हा त्यांच्या मातीसाठीही एकदा वाका.

आणि आईला हे कपाळाचं सांगू नका.

तुमची,
कामिनी