स्पर्ल बेटावरचं दार

सेंट जॉन्स,
४ फेब्रुवारी

ती. सेलिनामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू विणलेले हातमोजे पोचले. दोन्ही डाव्या हाताचे आहेत, पण ऊब छान आहे.

आता कामाचं. माझ्या ऑनलाइन वर्गातली नऊ मुलं नऊ गावांत विखुरलेली आहेत. संगणकावरच्या आभासी जगात ती तुझं स्पर्ल बेट उभं करताहेत, तुझा जन्म झाला ते, सरकारने साठ वर्षांपूर्वी वस्ती उठवून ओस पाडलेलं. प्रत्येकाचा एक बाहुला तिथे हिंडतो, घरं बांधतो, आणि गणित-भूगोल त्यातच उरकतं. कुठलं घर कुठे होतं हे मात्र तुझ्याशिवाय कोण सांगणार? टॅबलेट पाठवते आहे. त्याचा चहाचा ट्रे करू नकोस.

वर्गात दूर उत्तरेकडच्या लॅब्राडोर भागातली टॅमसिन आहे, अकरा वर्षांची. स्वमग्न आहे. गोंगाट सोसत नाही म्हणून दोन वर्षं तिने शाळेत पाऊल टाकलेलं नाही. इथे ती सगळं टाइप करून बोलते आणि एक दिवस चुकवत नाही. तिची आई म्हणते, हा वर्ग सुटला तर दुसरा उपाय उरलेला नाही. अचानक कोणी समोर आलेलंही तिला सोसत नाही, म्हणून आमचा एकच कडक नियम: दुसऱ्याच्या घरात दार वाजवून, उत्तर आल्यावरच जायचं.

तुझी,
रोवेना


१९ फेब्रुवारी

चि. रोवेनास अनेक आशीर्वाद.

माझ्या हातून घोटाळा झाला, तो आधी सांगून टाकते. टॅबलेट आल्यापासून आठवडाभर मुलांना घरांच्या जागा दाखवत हिंडत होते, मजेत होते. मुलांनी मलाही धक्क्याजवळ एक खोपटं बांधून दिलं. काल टेकाडावर हिरवं घर दिसलं. माझ्याच सांगण्यावरून टॅमसिनने बांधलेलं. खिडकीतून डाव्या भिंतीची चूल दिसली, शेजारचा बाबांचा दिवाण दिसला. माझ्या आईचं स्वयंपाकघर गं! मी सरळ आत गेले.

तुला ठाऊक आहे, आपल्याकडे दार वाजवतात ते नाताळात तोंड झाकून घरोघर फिरणारे सोंगाडे, नाहीतर पाद्री. घरचा माणूस वाजवत नाही. नियम डोक्यात होता, पण सवयीपुढे तो टिकला नाही. चुलीपाशी उभी असलेली पोर क्षणात नाहीशी झाली. तिच्या आजवरच्या मेहनतीवर मी पाणी फिरवलं का, एवढं कळव. मला झोप नाही.

सेलिनामावशी


सेंट जॉन्स,
२७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

खोटं सांगत नाही, टॅमसिन आठ दिवस वर्गात आलेली नाही. मी रागावले होते, आता नाही. तुझी बाजू मांडणारं लांबलचक पत्र मी तिला लिहिलं होतं. तिच्या आईने ते थांबवलं. म्हणाली, तिला समजावणी नको असते, नियम खरा आहे की नाही एवढंच ती बघते.

एक गोष्ट आहे. वर्गात न येताही तिला आपल्या दाराची नोंद घरबसल्या दिसते, कोण आलं, कोण आत गेलं. यापुढे काय करायचं ते मी तुला शिकवणार नाही. बाबांचा दिवाण कुठे होता हे तुलाही कोणी शिकवलं नव्हतं.

तुझी (आणि दोन डाव्या हातांची),
रोवेना


१८ मार्च

चि. रोवेनास अनेक आशीर्वाद.

रोज तीन वाजता टेकाडावर गेले. तीनदा दार वाजवलं, पायरीवर थोडं थांबले, परत आले. माझ्या टॅबलेटमध्ये डोकावणारा शेजारचा हेडली म्हणतो, आपल्याच आईच्या दारात टकटक करणारी म्हातारी त्याने पहिल्यांदा पाहिली. त्याला म्हटलं, घर आता माझं नाही, तिचं आहे.

बाराव्या दिवशी आतून अक्षरं उमटली. तिने विचारलं, त्या दिवशी का नाही वाजवलंस? मी कारण सांगितलं, सोंगाड्यांचं, पाद्र्याचं, आईचं, आणि चूक माझी होती तेही. तिला फक्त किटली चुलीच्या कुठल्या कोपऱ्यात असे ते हवं होतं. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली हे तू पाहिलंसच.

कालचं तुला ठाऊक नाही. मी माझ्या खोपटात एकटीच होते. दार वाजलं नाही, एकदम उघडलं. टॅमसिन आत आली आणि चुलीशेजारी बसली. मग तिने टाइप केलं: घरचा माणूस वाजवत नाही ना?

नाही वाजवत, असं लिहिलं आणि चष्मा पुसत बसले.

पेटीत दोन उजवे हातमोजे सापडले, सोबत पाठवते. आता दोन जोड्या झाल्या. एक तुझी, दुसरी लॅब्राडोरला धाड. तिला जरा मोठे होतील, पण पोर वाढेल. लोभ आहेच, आता त्यात एक वाटेकरी आहे, सांभाळून घे.

सेलिनामावशी