अपुरनाक

प्रिय धाकटे,

मी फोन उचलत नाही म्हणून तू रुसली असशील. खुशाल रूस. बोलायला गेले की मला रडू येतं, आणि तुझ्यापुढे रडायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हे पत्र. मुद्दाम हाताने लिहिलंय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण निदान कोण लिहितंय ते तरी कळेल.

वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा माझी काय गत झाली होती ते तू पाहिलंस. जन्मभर फळ्यापुढे उभी राहून संख्याशास्त्र शिकवलेली बाई मी, कोण जांभई देतोय ते पाठमोरी असतानाही ओळखणारी, आणि समोर आता नुसते काळे चौकोन. कळलं का विचारलं तर मख्ख शांतता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपखाली डबे रचून मी भिंतीशी बोलत होते. राजीनामासुद्धा लिहून ठेवला होता. तेव्हा तू धावून आलीस. विद्यापीठातल्या मास्तरांना ऑनलाइन वर्गात मुलं गुंतवून ठेवायला शिकवणं हे तुझं कामच, त्यामुळे मला घरचाच वैद्य मिळाला. प्रश्न विचारून गप्प बसायला तू शिकवलंस. मुद्दाम एखादी चूक करून ठेवायची, म्हणजे ती पकडायला कुणीतरी जागं राहतं, हेही तुझंच. मुलांना टोपणनावाने लिहू दे, म्हणजे लाजरीबुजरी पोरंही तोंड उघडतील, हे तर तू माझ्या गळीच उतरवलंस.

आणि मग तो आला. ‘मागचा बाक’. पहिल्या दिवशी त्याने माझी मुद्दाम केलेली चूक पकडली, दुसऱ्या दिवशी खरीखुरी झालेली. प्रश्न असे भाबडे विचारायचा की सगळ्यांनाच ते पडलेले असायचे. त्याचं बघून बाकीचेही लिहू लागले. एक मुलगी तर कॅमेरा चालू करून माझ्याशी चक्क भांडली, सरासरी म्हणजे शुद्ध लबाडी आहे म्हणून. मला इतका आनंद झाला! त्या पोरासाठी मी तयारी करून बसायचे गं. राजीनामा फाडला तो त्याच्यामुळे.

एकदा वर्ग संपल्यावर तो मागे रेंगाळला. बाई, आज आवाज थकलेला वाटतोय, असं त्याने लिहिलं. परक्यापाशी मन मोकळं करणं सोपं असतं. मी लिहून गेले, की माझी धाकटी बहीण मला फार मदत करते, पण हल्ली तिच्यापुढे मला अडाणी वाटतं. लहानपणी ती सगळं मलाच विचारायची, आता तिला माझी गरज उरलेली नाही. तसं नसेल हो बाई, असं त्याचं उत्तर आलं. आणि लगेच तुझे फोन सुरू झाले. ताई, पडदे कोणत्या रंगाचे घेऊ? ताई, नवऱ्याशी धरलेला अबोला कसा सोडू? मग लेकीचं गणित. मी हुरळून गेले. माझ्यावाचून आमच्या धाकटीचं पान हलत नाही, असं शेजारणीला सांगत सुटले.

परवा संभाव्यता शिकवत होते. ‘मागचा बाक’ने घाईघाईत लिहिलं, बाई, हे अपुरनाक मला लहानपणापासून जमत नाहीत. अपूर्णांकाला अपुरनाक म्हणणारी जगात एकच पोरगी होती. बाबा तिचं नाक चिमटीत धरून म्हणायचे, बघू तुझं अपुरं नाक. तुझ्या बोटांतून ते निसटलं आणि तुला पत्ताही लागला नाही. मी वर्ग पूर्ण केला. हसतमुखाने केला, तुझ्याच शिकवणीप्रमाणे.

वर्गात घुसलीस, तो राग मी गिळला असता. बाकीची मुलं खरी आहेत, ती बोलती झाली, तेवढं पुण्य तुझ्या पदरी. उद्या मी त्यांना सगळं खरं सांगणार आहे. पण पडदे? माणसाला आपली कुणाला तरी गरज आहे असं वाटलं की तो उठून जात नाही, हे तूच ना मास्तरांना सांगत फिरतेस? ते माझ्यावर वापरलंस. मी तुझी ताई होते, की तुझी एक मागे पडलेली विद्यार्थिनी? मनातलं दुखणं मी परक्याला सांगितलं, ते तू चोरून ऐकलंस आणि वर त्यावर औषधपाणी केलंस. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला, आणि तोही मायेने.

तरी मी गप्पच राहिले असते. सकाळी तुझा निरोप आला: मानेत गाठ निघालीय, डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात, ताई तू ये, मला भीती वाटते. तुझ्या बाळंतपणात कुणी बोलवायच्या आधी मी दारात हजर होते. आज निरोप वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? ही परत मला कामाला लावतेय. सख्ख्या बहिणीला, तुझी गाठ खरी आहे का गं, असं मला विचारावं लागतंय. इथवर तू मला आणलंस. तेव्हा पत्र आणणाऱ्या माणसाच्याच हाती उत्तर दे, आणि या खेपेला खरं दे. गाठ खोटी असली तर देव पावला म्हणेन, आणि जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. खरी असली तर मी पिशवी भरून दाराशी बसलेय.

तुझीच, आणि हे मला कुणी शिकवलेलं नाही,
ताई