शनिवारची विलायती डाक

३० ऑक्टोबर १९२६, दहिवली

आले बाई एकदाची! नगरहून निघाल्यापासून अंगाचं नुसतं पीठ झालं. घाट उतरताना प्रत्येक बोगद्यात मार्था माझा पदर डोळ्यांवर ओढायची आणि उजेड आला की टाळ्या पिटायची. डब्यातल्या बाया हसून हसून बेजार झाल्या. कर्जत स्टेशनावर मिशनचा गाडीवान नागू बैलगाडी घेऊन उभा होता. बंगला गावाबाहेर, नदीकाठी. मागची खोली आम्हां मायलेकींना दिली आहे. खिडकीतून भातं कापून झालेली शेतं दिसतात. विधवेला लेकरासकट कोण ठेवून घेतं? इथं ठेवलं, देवबापाचे उपकार.

माझं काम मडमबाईंना मराठी शिकवायचं आणि डोळे बरे होईतो त्यांचं लिहिणं-वाचणं करायचं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं आहे. मुंबईच्या डॉक्टरनं औषध घालून पट्टी बांधली आणि तीन महिने सोडायची नाही म्हणून बजावलं. रडायचं तर मुळीच नाही, रडलं की डोळे कायमचे गेले.

हे बाप्टिस्ट लोक. आमच्याकडं बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडतात, इथं थोरांनाच नदीत पुरतं बुडवून काढतात. आया गौराबाई जवळच्या कडाव गावची, कपाळाला हे मोठं कुंकू. मला म्हणाली, आमी रोजच नदीवर बुडतो, मंग आमी कोन गं? मला हसू आवरेना.

६ नोव्हेंबर

शनिवारी विलायती डाक येते. बाईंचा सगळा आठवडा त्या दिवसाला टांगलेला असतो. त्यांची एकुलती मुलगी मेबल, वय वर्षं सात, मिशनऱ्यांच्या मुलांच्या वसतिगृहात आहे. मुलं सहाची झाली की बोटीत बसवून मायदेशी पाठवायची, अशी यांची रीत. बाईंचे यजमान, पाद्री साहेब, म्हणाले, काम देवाचं आहे आणि इथली हवा मुलांना मानवत नाही. मी पत्र वाचलं, तर चार ओळींचं पत्र त्यांनी पाच वेळा वाचून घेतलं.

रात्री मार्थाला जरा जास्तच घट्ट धरलं. ती चिडली.

१३ नोव्हेंबर

तार आली. मेबल गेली. घशाचा रोग, तीन दिवसांत.

साहेबांनी मला कचेरीत बोलावून पवित्र शास्त्रावर हात ठेवायला लावला. बाईंना आत्ता सांगायचं नाही, डोळे जातील. पट्टी सुटेल त्या दिवशी ते स्वतः सांगतील. तोवर पत्रं वाचत राहायचं. बोटीवर तीन पत्रं असतीलच, ती संपली की मला सुचेल ते. आणि उद्या खालापूरकडं तंबू घेऊन दौऱ्यावर जातो म्हणाले, शिमग्याआधी परत येऊ. वर्षातनं चारच महिने गाड्या चालण्याजोग्या वाटा असतात, रानातल्या ठाकूरवाड्या खोळंबल्यात.

मला संताप आला. ज्याची लेक गेली तो गाड्या भरतो आहे! पण गाडीवर तंबू बांधताना त्यांच्या हातून दोनदा दोर सुटला. खाल्ल्या मिठाला जागायचं.

४ डिसेंबर

गेल्या दोन शनिवारी आणि आज, मेलेल्या पोरीची तीन खरी पत्रं आली. तिसऱ्यात होतं की घसा थोडा दुखतो. ती ओळ मी गाळली.

बाई खुशीत आहेत. खारीक-खोबऱ्याचा डबा पाठवायचा म्हणून स्वयंपाकी भिवाजीच्या मागे लागल्यात.

११ डिसेंबर

आज पत्र नव्हतं. कोरा कागद हातात धरून वाचायला लागले. काय सांगणार? मला विलायत ठाऊक नाही. काल मार्थाचा पुढचा दात पडला होता, तोच मेबलचा पडला म्हणून सांगितला. वालाच्या शेंगा सोलता सोलता पडला असं तोंडून जाणार होतं, तिथं मटार केलं. बाई इतक्या हसल्या की पट्टी सरकली. मलाही बरं वाटलं. आपलं थोडं दुसऱ्याला दिलं तर बिघडतं कुठं?

१२ डिसेंबर

मार्थाचा दात जागेवर आहे.

तिला विचारलं तर म्हणते, माझा दात पडलाच नाही. मी स्वतः तो कौलांवर फेकला होता. बोटानं हलवून पाहिला. घट्ट आहे. गौराबाईनंही भोक बघितलं होतं.

डोक्यात काहीतरी गोंधळ झाला असेल. झोप होत नाही.

१८ डिसेंबर

मार्था पाटीवर आपलं नाव लिहायला शिकली. आठ दिवस बसली होती माझं पोर. बाईंनी पत्र मागितलं. दुसरं काही सुचेना. मेबल नाव लिहायला शिकली, असं कसं सांगू, ती पत्र लिहिते आहे. म्हणून म्हटलं, वळणदार लिहायला शिकले, शाळेतल्या बाईंनी शाबासकी दिली.

१९ डिसेंबर

पाटी पुढे धरली. मार्थानं पेन्सिल उलटी धरली. ही कसली काठी, म्हणाली.

गौराबाईला घरातली तार ठाऊक होती. नोकरांना आधी कळतं. ती म्हणाली, गेलेल्या पोरीच्या ताटात आपल्या पोरीचा घास घालू नको गं बाय. ती घास नाय खात, हात धरते. मी ख्रिस्ती, असलं मानत नाही. तिला तसं सांगितलं. मग पाटी ट्रंकेत तळाशी ठेवली.

२५ डिसेंबर

आज नुसत्या बर्फाचं वाचलं. झाडं, घंटा, केक. मार्थाचं काही दिलं नाही. तिला काही झालं नाही.

म्हणजे खरं आहे. जे मेबलचं म्हणून वाचते ते मार्थाचं राहत नाही. मला भीती वाटायला हवी. वाटत नाही.

नागूबरोबर साहेबांना चिठ्ठी पाठवली.

२९ डिसेंबर

नागू चिठ्ठी परत घेऊन आला. खालापूरचा तळ उठला. कुठल्या वाडीवर गेले, सांगता येत नाही.

८ जानेवारी १९२७

सहा दिवस मार्थाला हिवताप. तापावरचं कोयनेल पोटात राहत नाही. काल डोळे पांढरे केले. आज डाकेची वेळ झाली, बाई खुर्चीत वाट पाहत होत्या.

मी वाचलं — मम्मा, मला फार ताप आहे.

जाणूनबुजून वाचलं. देवानं बघितलं.

९ जानेवारी

मार्था उठून पेज मागते आहे. अंग गार. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसं. मी हसले. बाहेर बाई फेऱ्या मारतायत, तार करा म्हणतायत. पट्टी ओली होत आहे.

१५ जानेवारी

बाईंना थांबवायलाच हवं होतं. डोळे जातील. मेबल बरी झाली असं वाचलं. त्यांना पटेना. आईला सांगावं असं एवढंच लिहिलं का, म्हणाल्या. पुन्हा पुन्हा विचारलं.

मी दमले होते. तोंडातून गेलं — मम्मा, पहाटे तुझ्या कुशीत शिरून तुझ्या पोटाला गार पाय लावते, असं स्वप्न पडलं.

मार्था करते तसं. रोज करते.

तोंडातून गेलं.

१६ जानेवारी

पहाटे पाय आले नाहीत. ती भिंतीला टेकून बसली होती. मला विचारलं, तुम्ही कोण?

२० जानेवारी

तिला उचलून स्टेशनावर नेलं. नगरला जाऊ, आजी ओळखेल. गाडी आली तशी ती किंचाळली. ही बाई माझी कोणी नाही. लोक जमले. हमालानं माझा हात पिरगळून पोर सोडवली. नागूनं दोघींना परत आणलं.

बंगल्यात शिरली ती थेट बाईंकडं गेली. मांडीवर चढली. पाय पोटाला लावले.

बाईंनी तिचा चेहरा चाचपला. केसांतून हात फिरवत राहिल्या.

२७ जानेवारी

बाई आता पत्र मागत नाहीत. दिवसभर ती मांडीवरच. बाईंनी मेबल म्हटलं की ओ देते. मार्था म्हटलं की इकडंतिकडं बघते, कोणाला हाक मारली म्हणून.

गौराबाई म्हणते, जगते हाय ना, तेवढ्यावर समाधान मान. मानते. दुरून बघते. जेवते का, बघते. जेवते.

५ फेब्रुवारी

साहेबांचं पत्र. पुढच्या शनिवारी येतात, डॉक्टर घेऊन. पट्टी सोडतील. मग मेबल मेल्याचं सांगतील.

दोनदा वाचलं.

मेबलकडं स्वतःचं काय आहे आता? दात मार्थाचा. अक्षर मार्थाचं. ताप, पाय, आई — सगळं मार्थाचं. मेबल मेली असं त्या घरात म्हटलं तर मरणार कोण?

सांगायचं नाही. त्यांना सांगू द्यायचं नाही. राहू दे तिची. माझी नको. जिवंत राहू दे.

१२ फेब्रुवारी

साहेब डॉक्टर घेऊन आले. रापलेत. मी पाय धरले, सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. तुमच्यावर फार भार टाकला, म्हणाले. विश्रांती घ्या.

निदान पोरीला मांडीवरून उठवा, म्हटलं. म्हणाले, लेकरू जवळ असू दे, बाईंना तेवढाच आधार.

आतून कडी. मी ओसरीवर. वही हातात आहे म्हणून लिहिते, नाहीतर हात —

पट्टी सुटली वाटतं. बाई म्हणाल्या, उजेड दिसतो. पोरगी हसली. माझी पोरगी हसली.

साहेबांनी खुर्ची ओढली. आवाज खाली आणला.

दार वाजवलं. कोणी उघडत नाही. देवबापा, त्यांना ठसका लागू दे, काहीही होऊ दे —

मार्था! मार्था, इकडं ये गं —

मेबल, म्हणाले. आपली मेबल —

पोरीचं हसणं मध्येच —