कर्नलच्या डब्यातली चंदेरी पट्टी

घर, ओहायो
बुधवार, १६ जुलै

प्रिय मार्गो,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तळ्यात उडी मारलीस, डास फार आहेत आणि कॅम्पवरचं ओटमील कुत्रंसुद्धा हुंगणार नाही, एवढं समजलं. तिथे फोन वापरू देत नाहीत हे किती बरं, असं तुझी आई रोज म्हणते आणि रोज दहा वेळा फोन उचलून बघते. बाकी इकडे ठीक. रस्त्याकडेच्या टपरीवर मक्याची कणसं आली. तुझ्या आईचे टोमॅटो हरणांनी फस्त केले. "लॉयड, तू कुंपण घालणार होतास ना?" म्हणाली. घालणार होतो.

कर्नलचा नवा डबा झाला. लांबरुंद, बुटका, प्लॅस्टिकचा, झाकणाला सहा खटके. काचेची जुनी पेटी आणि झाकणावर ठेवलेले ते दोन जाडे शब्दकोश आता विसर. मागे कर्नल धुवायच्या कपड्यांत वेटोळं घालून बसलेला निघाला, तेव्हा तुझी आई जी किंचाळली, ती अजून माझ्या कानात आहे. आता खटके लावले की ढुशा मारून मारून त्याचंच नाक दुखेल. हवेची भोकं तारा जोडायला डाख देतात त्या तापलेल्या सळईने पाडली, आतून बाहेर, तू सांगितलंस तशी, म्हणजे धारदार कडा आत राहत नाहीत. एका टोकाला डब्याखाली गरम होणारी चटई, दोन्ही टोकांना लपायला एकेक खोपटं, पाण्याचं जड भांडं. सगळं तू सांगितलंस तसं.

एक गोष्ट सोडून.

हे वाक्य लिहून मी उठलो, गाडीतलं तेल तपासलं आणि परत आलो. तेल काल पण तपासलं होतं.

चटईचं तापमान मोजणारी ती बारीक वायर असते ना, ती आत टिकेना. सारखी सरकायची. ती नीट बसवायची म्हणजे कर्नलला पुन्हा बाहेर काढायचं. पहिल्यांदा तुझ्या आईने काढून दिला होता, आणि ती दुकानात गेली होती. तुला ठाऊकच आहे, मी लोकांच्या तळघरांत घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करतो, उंदीर बघितलेत, कोळी बघितलेत, एकदा रॅकूनने माझा जेवणाचा डबा पळवला. पण तुझ्या डॅडींच्या त्या चार फुटी अजगराला मी आजवर बोट लावलेलं नव्हतं. आपल्याला फक्त आवड नाही म्हणायचो. आवड कसली, टरकतो मी त्याला.

तर मी झाकण वीतभर उघडलं, हात घातला आणि गाडीतली चंदेरी चिकटपट्टी फाडून ती वायर आतल्या भिंतीला चिकटवून टाकली. तीच पट्टी, जी मी सगळ्या गावाच्या नळ्यांना लावतो. तुझी आई म्हणतेच, "लॉयडचं लग्न मोडायला आलं, तर तो त्यालाही पट्टी लावेल."

शुक्रवारी सकाळी कामावर जाताना डोकावलो. कर्नल भिंतीला लागून सरळ पडला होता. साप असा सरळ पडत नाही, वेटोळं करतो, एवढं मलाही कळतं. झाकण काढून बघायला हवं होतं. मी म्हटलं, झोपला असेल बिचारा, आणि गेलो. दिवसभर तो तसाच होता, मार्गो. पट्टी एका कडेने सुटली होती आणि त्याची कूस तिला चिकटली होती.

संध्याकाळी तुझ्या आईने बघितलं. मी धावलो आणि गाढवासारखी पट्टी ओढली. कातडी आली. तुझी आई ओरडली, "अरे सोड! सोड आधी!" तिने जनावरांच्या डॉक्टर ऑस्ट्रँडरना फोन लावला. त्या म्हणाल्या, स्वयंपाकाचं तेल लावा आणि हळूहळू सोडवा. तुझ्या आईने फोन धरला, मग कर्नलला कोण धरणार? मी धरला. मला वाटायचं तो बुळबुळीत असेल. कोरडा होता, आणि ऊबदार. मी त्याला सोलत होतो आणि त्याने माझ्या अंगठ्याला विळखा घातला, घट्ट, जसा काही मीच त्याला वाचवतोय.

तो जगणार आहे. हे मी आधी लिहायला हवं होतं, माफ कर. कुशीवर तुझ्या दोन बोटांएवढी जखम आहे. मलम आहे, खाली कोरडे कागद अंथरलेत. दोन-तीनदा कात टाकली की बरंचसं भरून येईल म्हणतात, पण खूण राहील. बसवलेल्या वायरला आता पट्टी नाही. ती बाहेरून, चटई आणि डब्याच्या मधे आहे. या वेळी कर्नलला मीच बाहेर काढला, मीच परत ठेवला.

आता खरं ते. पट्टी सुटल्यावर कर्नलला दवाखान्यात नेला, तिथे डॉक्टरांनी विचारलं, "आत चिकटपट्टी लावायची नसते, कुणी सांगितलं नव्हतं?"

मी म्हणालो, "नाही."

तू सांगितलं होतंस. मी बेसबॉल बघत होतो, तू टीव्हीसमोर उभी राहिलीस आणि बोट नाचवत म्हणालीस, "आत चिकटपट्टी अजिबात नाही, लॉयड. सापाला चिकटते." मी म्हणालो, "हो गं बाई, हो. बाजूला सरक." पट्टी फाडताना मला हे आठवत होतं. शब्द न शब्द.

तुझी आई शेजारीच उभी होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "एवढी महत्त्वाची गोष्ट सांगायची विसरते, म्हणजे ही पोरगी अजून जनावर पाळायच्या वयाची नाही." ती तुझ्यावर चिडली, आणि मी गाडी चालवत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिने त्या साप विकणाऱ्या माणसाला फोन केला. तू परत यायच्या आत तो कर्नलला घेऊन जाणार होता. तुझे डॅडी गेल्यावर त्यांच्या सगळ्या वस्तूंतून तू फक्त कर्नल मागितला होतास, हे मला तिनेच सांगितलं होतं. तरी मी गप्प.

आणि त्याच दुपारी तुझं पत्र आलं. 'आमच्या घरी एक जण कर्नलसाठी डबा बनवतोय, असं मी इथे सगळ्यांना सांगितलं.' पाकिटावर नेहमीसारखं 'लॉयड' नव्हतं. 'पॉप' लिहिलं होतंस, मुलं बापाला म्हणतात ते.

आज नाश्त्याला मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने कप खाली ठेवला. "म्हणजे शुक्रवारपासून मी त्या पोरीच्या नावाने खडे फोडतेय, आणि तू समोर बसून मिटक्या मारत ऐकतोयस?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "त्या माणसाला तू फोन करून नाही सांग. आणि तिला तू लिही. मी तुझ्या वतीने एक अक्षर लिहिणार नाही."

फोन केला. कर्नल कुठेही जाणार नाही.

तुझं पाकीट गाडीत काचेपाशी लावलं होतं, येताजाता दिसावं म्हणून. आज काढून तुझ्या टेबलावर ठेवलंय. ते तू हे काही माहीत नसताना लिहिलंस, त्यामुळे ते माझ्याकडे ठेवणं मला चोरी केल्यासारखं वाटतं. पुढच्या पाकिटावर तुला जे लिहावंसं वाटेल ते लिही. रागावून काहीच लिहिलं नाहीस, तरी कर्नलचं मलम रोज होईल.

तोवर,
तुझ्या आईचा नवरा,
लॉयड