कबूल करणारी पोर

३ जून
आले एकदाची सासरी! घर ऐसपैस, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. ह्यांचं मोटारींचं गॅरेज चांगलं चालतं. सासूबाई कडक, पण वाढताना हात आखडत नाहीत. शिवाय घरात दहा वर्षांची भाची. तिची आई, म्हणजे माझी नणंद, नवऱ्याच्या खुनासाठी तुरुंगात आहे. सासूबाई हळूच म्हणाल्या, पोरीपासून जपून राहा, रक्तच तसलं आहे. मला हसू आलं. पोर मुंगीलासुद्धा वळसा घालून जाते!

११ जून
सासूबाईंची लाडकी काचेची बरणी माझ्या हातून फुटली. आवाज ऐकून सगळे आले आणि थेट भाचीकडे बघायला लागले. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, मीच फोडली. ह्यांनी तिला दुपारभर उन्हात उभं केलं. मी नवी सून, गप्प बसले.

२० जून
सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या मी चुकून दोनदा दिल्या. त्या चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. पोरीनं हेही स्वतःवर घेतलं. आणि मला हायसं वाटलं. हायसं! लाज वाटते माझी मलाच. आता तिला ताटसुद्धा वेगळं.

२४ जून
वेणी घालताना विचारलं, खोटं कबूल का करतेस गं? म्हणाली, कबूल केलं की सगळे लवकर शांत होतात, आईनंच शिकवलंय. आई लहानपणापासून मामाचं सगळं स्वतःवर घ्यायची. बाबांना मारलं तेव्हासुद्धा.
मामा म्हणजे हे.
रक्तबिक्त काही नाही. घरानं शिकवलं, आणि मी उजळणी करून घेतली.

२७ जून
ह्यांना बरणीचं, गोळ्यांचं सांगून टाकलं. उद्या नणंदेला भेटायला जाते, तिच्या तोंडून खरं ऐकायचंय, असंही म्हटलं. हे रागावले नाहीत. पोरीला बाहेर नेलं, बराच वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवत काहीतरी समजावत होते. याआधी कधी मायेनं हात लावलेला पाहिला नाही.

२८ जून, दुपार
सासूबाईंना ह्यांनी सकाळीच त्यांच्या बहिणीकडे पोचवलं. माझ्या खोलीला बाहेरून कडी — पोर दाराबाहेर रडतेय. म्हणते, मामी, माफ कर, मीच केलं.
काय केलं? अजून काहीच झालेलं —
मी ओरडतेय, बरणी मी फोडली, गोळ्या मी दिल्या, तू काही केलं नाहीस गं — ती थांबतच नाही, पाठ केल्यासारखी तेच —
जिन्यात ह्यांची पावलं —
मी तेव्हाच बोलले असते तर आज ही पोर —