कठडा, तार आणि मामांची खुर्ची

दि. १२ मार्च, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. गच्चीवर, कमरेला तार गुंडाळून बसलो असताना.

तीर्थरूप मामांस,

बसल्या जागेवरून वाकता येत नाही, म्हणून नमस्कार कागदावरच करतो. तुमची प्रकृती उत्तम असावी (वरून तरी तशी दिसते, आत्ताच पेपराचे पान उलटलेत). गुडघा कसा आहे? झटकन उठता येते का, हे मुद्दाम विचारतो.

चार मजले खाली बसलेल्या माणसाला पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. हाका मारून माझा घसा बसला. पण पेपर वाचताना तुम्ही कानाचे मशीन खिशात ठेवता आणि मोबाइल घरात. नुसती चिठ्ठी सोडली असती, पण परवा बादलीतून ‘मामा, पाणी पाठवा’ अशी सोडली, तेव्हा ‘मायना कुठे आहे?’ असा शेरा मारून तुम्ही ती परत पाठवलीत. पाणी आलेच नाही. म्हणून रीतसर लिहितो.

तुमच्या शब्दावर ठेकेदारांनी मला कामावर घेतले. कठडा हातोडीने ठोकायचा, जिथे पोकळ वाजेल तिथे लाल खडूने फुली मारायची, एवढेच काम. मी फुल्या मारत गेलो आणि खडू संपला, तरी कठडा संपेना. ठेकेदार म्हणाले, “तू भिंत तपासतोयस की रंगवतोयस?” आणि टेकू आणायला गेले. जाताना बजावून गेले, की गच्ची मोकळी करून ठेव. मी अक्षरशः मोकळी केली. कठड्यापासून टाकीपर्यंत कपडे वाळत घालायची जाड तार होती. ती टाकीकडून सोडली मात्र, आणि मामा, कठडा रस्त्याकडे कलला. इतकी वर्षे त्या तारेवर कपडे नव्हे, कठडा वाळत होता. आता तार टाकीला परत बांधावी तर वीतभर कमी पडते. ती वीत म्हणजे मी. पाइपाला पाय रोवून बसलो आहे.

मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांना खाली निरोप द्यायला विनवले. “आधी तारेवरून पडलेल्या माझ्या चादरी उचल. आणि त्या म्हाताऱ्याशी मी बोलत नाही, तुला ठाऊक आहे,” असे म्हणून एक चादर घेऊन निघून गेल्या. (तुमचा अबोला कशावरून, हे घरात कोणीच सांगत नाही.)

मामींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचा भाचा

ता. क. तुमची खुर्ची बरोबर कठड्याखाली आहे. हे पत्र आत जाऊन वाचावे.

ता. क. २. बादली सोडणार इतक्यात पहिली वीट सुटली. काकूंनी ती खिडकीतून पाहिली आणि ओरडल्या, “अहो, उठा तिथून, मरायचंय का?” तुम्ही खुर्चीसकट दारात. मागोमाग कठडा. तार कठड्याच्या हुकातून निसटली म्हणून मी वरच राहिलो. आता उभ्याउभ्या लिहितो आहे, अक्षराला हसू नये. ठेकेदारांना मायन्यासह दोन ओळी लिहाव्यात, की भाचा सालस आहे आणि भिंत आधीपासूनच तशी होती. काकूंची दुसरी चादर ढिगाऱ्यात आहे, तीही तुम्हीच नेऊन द्यावी.

ता. क. ३. मशीन तर अजून तुमच्या खिशातच आहे. मग काकूंची एकच हाक कशी ऐकू आली, हे मी मामींसमोर विचारणार नाही. ठेकेदारांचे पत्र मात्र आजच लिहावे.