वालाच्या वाडीतले लाल किडे कोणाकडे

मी निकोलस दुमिंग परेरा, वय सुमारे एकसष्ट, धंदा भाजीवाडी, राहणार माजिवडे, तालुके साष्टी, जिल्हा ठाणे, देवाला साक्षी ठेवून लिहून ठेवतो ते असे. पायांत जोर उरला नाही; डोके शाबूत आहे, कान तर त्याहून शाबूत.

राहते घर पत्नी एमिलिया हिचे. तिच्या हयातीत चुलीची जागा कोणी हलवू नये.

मोट, बैलजोडी आणि कोयत्या मुलगा बॉस्को याच्या.

शेजारी धाकू पाटील यास वालाचे पायलीभर बियाणे. वीस वर्षे तो कुंपणावरून विचारतो, "काय निकोलस, किडे पाळतोस म्हणे. दूध किती देतात?" त्याची थट्टा माफ. घेणाऱ्याने साक्ष घालू नये म्हणतात, म्हणून त्याला बोलावले नाही. तो रुसला आहे.

विहिरीजवळची वालाची वाडी, जी मी दुसऱ्यांच्या शेतावर राबून घेतली, ती मुलगी अ‍ॅग्नेस हिची. कारण लिहितो. वेलावर मावा पडला की लाल, काळ्या ठिपक्यांचे किडे येऊन तो खातात. त्यांची पिल्ले काळी, खरबरीत, दिसायला ओंगळ, पण खायला आईबापांहून पुढे. बाकदार सोंडेचा तपकिरी किडा अळीला टोचून शोषतो; एमिलियाच्या बोटाला डसला तेव्हा तिने शिव्या घातल्या, मारला नाही. तरुणपणी मी ती काळी पिल्ले कीड समजून वेचून जाळली. पंधरवड्यात मावा शेंड्यापर्यंत चढला, एक शेंग हाती लागली नाही. बॉस्कोला हे किती वेळा सांगितले. तरी तो तंबाखूचे पाणी मारतो आणि मावा व किडे दोन्ही मरतात. अ‍ॅग्नेस किडे मावा खाईपर्यंत वाट पाहते. म्हणून वाडी तिची.

इतके लिहून झाले तोच बाहेर बॉस्को गणू गड्याला म्हणाला, "पाणी राहू दे रे. आधी पान उलट. ही काळी पिल्लं दिसली ना? मग चार दिवस हात लावू नको."

लिहिणारे प्रभाकरराव हसले. "निकोलसबाबा, तुम्हाला ऐकवायलाच बोलला तो."

असेल. माझे कान तो लहानपणापासून ओळखतो. पण खिडकीतून पाहिले, तर गणू गेल्यावरही तो एकटाच पाने उलटीत होता.

सबब वाडीचे वरील कलम रद्द. वाडी दोघांची, निम्मी निम्मी. मधे बांध घालू नये. किडे वाटून घेता येत नाहीत.

सही: निकोलस दुमिंग परेरा
साक्ष: ह्युबर्ट जुजे मिरांड, सही
साक्ष: रघु बाळा भोईर, निशाणी नांगर
हस्ताक्षर: प्रभाकर गोविंद कारखानीस
मुक्काम माजिवडे, तारीख २१ जानेवारी १८८९